रुमालाखालची बोटे, मोबाइलवरचे शब्द



जुन्या बाजारात हत्ता पद्धत होती. दलाल आणि व्यापारी रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव ठरवीत. माल शेतकऱ्याचा, पण भावाची भाषा त्यालाच कळू नये अशी सोय. तो रुमाल गेला. आपण अडत, हमाली, तोलाई हे शब्द शिकलो आणि हिशोबपट्टीवर बोट ठेवून जाब विचारू लागलो.

आता व्यवहार मोबाइलवर आला आहे. २०२५ च्या हंगामात सीसीआयने हमीभावाने कापूस घेण्यासाठी 'कपास किसान' ॲपवर नोंदणी मागितली. या नव्या बाजाराचेही शब्द आहेत. ते कळले नाहीत तर रुमाल पुन्हा आलाच म्हणून समजा.

पहिला शब्द पिन. यूपीआय म्हणजे एका बँक खात्यातून दुसऱ्या खात्यात ताबडतोब पैसे पाठवण्याची २०१६ मध्ये सुरू झालेली सोय. पिन ही तिची किल्ली. पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायला लागतो. "हा चौकोनी कोड स्कॅन करा, पिन टाका, ज्वारीचे पैसे जमा होतील," असे कोणी म्हणाला तर तो द्यायला नव्हे, न्यायला आला आहे. ओटीपी ही एकाच व्यवहारापुरती किल्ली. तीही बँकेच्या नावाने फोन करणाऱ्याला सांगायची नाही.

दुसरा शब्द डोमेन. वेबसाइट हे दुकान धरा. होस्टिंग म्हणजे त्यासाठी दुसऱ्याच्या संगणकावर भाड्याने घेतलेली जागा आणि डोमेन म्हणजे दारावरची पाटी. जागा आणि पाटी कोणालाही वर्षाच्या भाड्याने मिळते. म्हणून पाटीचा शेवट वाचा. 'डॉट जीओव्ही डॉट इन' हा शेवट फक्त सरकारी कचेऱ्यांना मिळतो. 'जीओव्ही' मध्येच घुसवून शेवट भलताच असेल, तर दुकान तोतयाचे. पत्त्याआधीचे 'एचटीटीपीएस' एवढेच सांगते, की वाटेत कोणी मजकूर वाचत नाही. पलीकडचा माणूस प्रामाणिक असल्याची ती हमी नव्हे.

तिसरा शब्द एपीके. ही ॲप बसवण्याची फाइल. "पीएम-किसानचा हप्ता अडकला, ही फाइल उघडा," असा निरोप व्हॉट्सॲपवर आला तर हात लावू नका. ती बसवून तिने मागितलेल्या परवानग्या दिल्या, की तुमचे ओटीपी परका वाचू शकतो.

तरीही फसलात, तर लाजेपायी गप्प बसू नका. त्याच घटकेला १९३० वर फोन करा आणि बँकेला कळवा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाने ठरवले, की गुप्त आकडा ग्राहकानेच सांगितला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे. कळवल्यानंतरचे बँकेचे. म्हणजे गप्प राहण्याची किंमत आपणच मोजतो.

जो ॲपची सक्ती करतो त्याने ते गावात येऊन मराठीत समजावून द्यावे, ही आमची मागणी आहे. पण तोवर वाट पाहत बसायचे नाही. पुढच्या बैठकीत अर्धा तास यासाठी काढा. घरच्या शिकलेल्या पोरीला मोबाइल घेऊन पुढे बसवा आणि हे शब्द मोठ्याने वाचून घ्या.

कापूस घरात यायला सहा महिने लागतात. पिनचे चार-सहा आकडे दाबायला घटकाही लागत नाही. दाबण्याआधी एवढेच विचारा: पैसे येणार आहेत, की जाणार?