विश्लेषण : जपानी स्पोर्ट्स कारला नवा ‘मेंदू’ बसवण्याआधी पंपावरचा आकडा का पाहायला हवा?

निसान स्कायलाइन जीटी-आर, सुबारू इम्प्रेझा एसटीआय, मित्सुबिशी लान्सर इव्होल्युशन… १९९०च्या दशकात जपानी बाजारपेठेसाठी बनलेल्या या मोटारींना आज ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, ब्रिटन आणि अमेरिकेत मोठी मागणी आहे. अमेरिकेत २५ वर्षे पूर्ण झालेल्या मोटारीला आयातीच्या वेळी तिथल्या सुरक्षा मानकांतून सूट मिळते. त्यामुळे जानेवारी १९९९ मध्ये आलेल्या आर३४ पिढीच्या जीटी-आरसाठी २०२४ पासून दार उघडले. मोटार हाती आली की अनेक मालकांचा पहिला मोठा खर्च असतो आफ्टरमार्केट ईसीयू, म्हणजे मूळ इंजिन-संगणक काढून त्या जागी बसवलेला नवा संगणक. हा खर्च बहुतेकदा ताकद वाढवण्यासाठी केला जातो. पण या संगणकाचे पहिले काम ताकद वाढवणे नाही, तर टाकीत कोणते पेट्रोल आहे ते इंजिनाला नीट सांगणे हे आहे.

ऑक्टेन म्हणजे नेमके काय?

ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद, हा सर्वात मोठा गैरसमज. हा आकडा पेट्रोलमध्ये ऊर्जा किती आहे ते सांगत नाही. दाब आणि उष्णता वाढली तरी ते आपोआप पेट न घेता किती तग धरते, हे सांगतो. स्पार्क प्लगने ठिणगी टाकल्यावर ज्वाला सिलिंडरमध्ये क्रमाने पसरायला हवी. ती पोहोचण्याआधीच उरलेले मिश्रण एकदम पेटले, तर पिस्टनवर हातोडा बसावा तसा धक्का बसतो. यालाच नॉकिंग म्हणतात. टर्बो इंजिनात हवा दाबून भरली जाते, त्यामुळे हा धोका जास्त. थोडे नॉकिंग इंजिन सहन करते. पूर्ण वेगात ते सतत होत राहिले तर पिस्टन फुटतात आणि हेड गॅस्केट जाते.

देश बदलला की आकडा का बदलतो?

जपानमध्ये पंपावर दोन प्रकारचे पेट्रोल मिळते. रेग्युलर आणि ‘हायऑकु’, म्हणजे हाय ऑक्टेन. तिथल्या मानकानुसार रेग्युलरचा ‘रिसर्च ऑक्टेन’ किमान ८९, तर हायऑकुचा किमान ९६ असतो. प्रत्यक्षात हायऑकु त्याहून वरच्या, ९८ ते १०० च्या दर्जाचे मिळते. जपानी टर्बो स्पोर्ट्स कारचे कारखान्यातले गणित याच हायऑकुवर बेतलेले होते.

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये पंपावर ९१, ९५ आणि ९८ असे पर्याय असतात; ब्रिटनमध्ये साधे पेट्रोल ९५ चे. अमेरिकेत मोजपट्टीच वेगळी आहे. तिथे ‘रिसर्च’ आणि ‘मोटर’ या दोन चाचण्यांची सरासरी पंपावर लिहितात. त्यामुळे तिथले ९३ म्हणजे जपानी पद्धतीने साधारण ९८, आणि कॅलिफोर्नियात प्रीमियम म्हणून मिळणारे ९१ म्हणजे साधारण ९५-९६. आकडे थेट ताडून पाहणारा इथेच फसतो.

मूळ संगणक हे सांभाळून घेत नाही का?

काही प्रमाणात घेतो. इंजिनाचा वेग आणि भार किती असताना ठिणगी किती अंश आधी टाकायची, पेट्रोल किती सोडायचे, याचे तक्ते त्या संगणकाच्या चिपमध्ये कायमचे कोरलेले असतात. नॉक सेन्सरने धक्का टिपला की संगणक ठिणगी मागे घेतो. ताकद थोडी घटते, पण इंजिन वाचते. मोटार कारखान्यातून निघाली तशीच असेल, तर ही व्यवस्था पुरेशी ठरू शकते.

अडचण सुरू होते ती बदलांनंतर. जपानी कंपन्यांनी २००४ पर्यंत आपसातल्या समझोत्याने जाहीर ताकद २८० अश्वशक्तीवर रोखली होती. इंजिनात त्याहून बरेच काही दडले आहे, हे मालकांना ठाऊक होते. मग टर्बोचा दाब वाढवला जातो, एक्झॉस्ट बदलला जातो, आणि इंजिन मूळ तक्त्यांच्या बाहेर जाते. तिथे काय करायचे, हे जुन्या संगणकाला कोणी शिकवलेलेच नसते.

नवा संगणक काय करतो?

न्यूझीलंडची ‘लिंक’, ऑस्ट्रेलियाच्या ‘हॅल्टेक’ आणि ‘मोटेक’, जपानची ‘ॲपेक्सी’ ही या क्षेत्रातली परिचित नावे. अनेक मॉडेल्ससाठी हे संगणक मूळ वायरिंगच्या सॉकेटमध्येच बसतात. फरक असा की यातले तक्ते ट्यूनरला लॅपटॉपवर उघडून बदलता येतात. आजच्या संगणकांत वेगवेगळ्या पेट्रोलसाठी वेगळे तक्ते ठेवता येतात. पेट्रोलमधील इथेनॉल मोजणारा सेन्सर जोडता येतो, ऑइलचा दाब पडला तर इंजिन आपोआप रोखता येते.

पण दुसरी बाजू क्वचितच सांगितली जाते. नव्या संगणकासोबत येणारा प्राथमिक तक्ता इंजिन सुरू करण्यापुरता असतो, पळवण्यासाठी नसतो. काही जुन्या आफ्टरमार्केट संगणकांत नॉकिंगचा आकडा पडद्यावर दिसतो, पण ठिणगी आपोआप मागे घेतली जात नाही. म्हणजे कारखान्याने दिलेले कवच काढून टाकले आणि त्या जागी ट्यूनरचा अंदाज बसवला. जपानमध्ये १०० ऑक्टेनवर ट्यून झालेली मोटार कॅलिफोर्नियातल्या ९१ वर तशीच चालवली, तर इंजिनाचे आयुष्य त्या अंदाजावर टांगलेले असते.

मग दोष कोणाचा?

संगणकाचा नाही. दोष आहे खर्चाच्या क्रमाचा. आधी टर्बो, मग एक्झॉस्ट, आणि उरलेल्या पैशांत ट्यूनिंग, हा क्रमच उलटा आहे. आधी रोज कोणते पेट्रोल मिळणार ते ठरवावे, मग त्याच पेट्रोलवर डायनोमीटरवर तक्ता बसवावा, आणि त्यानंतर ताकदीचा विचार करावा. ट्यूनरनेही तक्ता कोणत्या पेट्रोलवर केला, ते लेखी द्यायला हवे. जुनी आयात मोटार घेणाऱ्याने किलोमीटरच्या आधी हा कागद मागावा.

कायद्याचाही मुद्दा आहे. अमेरिकेत २१ वर्षांहून जुन्या मोटारीला आयातीच्या वेळी प्रदूषण नियमांतून सूट मिळते, पण मूळ इंजिन आणि रचना कायम असेल तरच. प्रदूषण नियंत्रण निकामी करणारे ट्यूनिंग तिथे बेकायदा आहे. पेट्रोलनुसार इंजिन सांभाळणे आणि धूर रोखणारी यंत्रणा बंद करणे, या दोन गोष्टी एकाच लॅपटॉपवरून होतात. म्हणून त्या एक ठरत नाहीत. ट्यूनरांनी ही रेघ स्वतः पाळली नाही, तर सरकार सरसकट बंदी आणेल आणि प्रामाणिक काम करणारेही त्यात भरडले जातील.

आपल्याला याचे काय?

भारतात तीन वर्षांहून जुन्या मोटारी सहसा आयात करता येत नाहीत, त्यामुळे या मोटारी इथल्या रस्त्यांवर दुर्मीळच. ऑक्टेनचा गैरसमज मात्र इथेही आहे. इंडियन ऑइलने २०२० मध्ये १०० ऑक्टेनचे पेट्रोल आणले तेव्हा पहिल्या १० शहरांत मुंबई आणि पुणे होते. साध्या पेट्रोलसाठी बनलेल्या मोटारीत ते भरून ताकद वाढत नाही. ठिणगी पुढे नेणारा तक्ताच संगणकात नसेल, तर जास्तीचा ऑक्टेन वाया जातो. इथेनॉलबाबतही तेच. त्याने ऑक्टेन वाढतो, पण तेवढ्याच हवेला इंधन अधिक लागते आणि संगणकाला हे कळावे लागते. टाकीच्या झाकणावर किंवा पुस्तिकेत लिहिलेला आकडा पाळणे, हे दोन कोटींच्या जीटी-आरलाही लागू आहे आणि हप्त्यावर घेतलेल्या हॅचबॅकलाही.