लाभांश आणि गंगाजळी

लोणावळ्याजवळील औंढे येथे निवृत्तीनंतर येऊन राहिलेल्या आमच्या एका स्नेह्यांकडे परवा आमचे जाणे झाले. या गृहस्थांनी आयुष्यभर शाळेत गणित शिकविले. चहा होताच त्यांनी जपून ठेवलेले एक कात्रण आमच्या पुढे केले. टाटा पॉवर कंपनीने २०२३-२४ या वर्षासाठी २०० टक्के लाभांश जाहीर केल्याची ती बातमी होती. "बँक मुदत ठेवीवर सात टक्के देते, आणि येथे दोनशे टक्के मिळतात. मग आम्ही बँकेच्या दारात काय म्हणून बसावे?" असा त्यांचा सवाल होता. ठेव मोडण्याचा अर्जही त्यांनी भरून तयार ठेवला होता. सही तेवढी व्हावयाची होती.

ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्यांना शेकडेवारी शिकविली, त्यांनाच शेकडेवारीने चकवावे, हे पाहून आम्हाला नवल वाटले आणि थोडी लाजही वाटली. लाज अशासाठी की, ते कात्रण वर्तमानपत्राचेच होते. कोणतीही टक्केवारी पुढे आली की 'कशाचे टक्के?' हा पहिला प्रश्न विचारावा, असे आम्हीही खडू हाती धरण्याच्या दिवसांत मुलांना बजावीत असू. लाभांशाचे टक्के हे शेअरच्या दर्शनी किमतीवर मोजले जातात, बाजारभावावर नव्हे. या कंपनीच्या शेअरची दर्शनी किंमत एक रुपया आहे. म्हणून २०० टक्के म्हणजे शेअरमागे दोन रुपये. तो शेअर बाजारात चारशे रुपयांना घेतला असे धरले, तर खरेदीदाराच्या हाती लाभांश पडला शेकडा अर्धा रुपया. शेअर घेणे शहाणपणाचे की कसे, हा प्रश्न निराळा. पण बँकेच्या सात टक्क्यांशी त्या दोनशे टक्क्यांची तुलना करणे म्हणजे शेर आणि गज एकाच मापाने मोजण्यासारखे आहे.

हा गैरसमज दूर होणे सोपे आहे. त्याच्या मागे दडलेला दुसरा गैरसमज मात्र अधिक खोल आणि अधिक घातक आहे. चांगला लाभांश देते ती कंपनी चांगली, अशी आपल्या मध्यमवर्गाची सरसकट समजूत असते. त्या समजुतीची तपासणी करण्यास मावळासारखी जागा नाही. याच मुलखात वलवण, लोणावळा आणि शिरोता ही टाटांची धरणे आहेत. १९१० साली स्थापन झालेल्या टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक कंपनीने ती बांधली आणि १९१५ पासून त्यांचे पाणी घाटाखाली खोपोलीस उतरून मुंबईसाठी वीज निर्माण करू लागले. पाऊस पडतो चार महिने. वीज लागते बारा महिने. खोपोलीच्या नळातून येणारी धार मार्च महिन्यात जोरदार आहे, एवढ्यावरून धरणात किती पाणी उरले आहे हे कोणालाही सांगता येणार नाही. त्यासाठी घाटावर येऊन पातळी पाहावी लागते. लाभांश ही धार आहे. धरणाची पातळी ताळेबंदात असते. राखीव निधीला आपल्या पूर्वजांनी 'गंगाजळी' हा पाण्याचाच शब्द योजिला, तो काही उगाच नव्हे.

ही पातळी मोजण्याची जी साधने, त्यांनाच हिशेबशास्त्रात गुणोत्तरे म्हणतात. त्यांतील पहिले कर्जाचे आणि स्वतःच्या भांडवलाचे. समजा, एका धंद्यात शंभर रुपये गुंतले आहेत आणि तो वर्षाला बारा रुपये मिळवितो. सारे भांडवल मालकांचे असेल तर त्यांना बारा टक्के सुटतात. त्यांपैकी सत्तर रुपये नऊ टक्के व्याजाने काढलेले असतील, तर सहा रुपये तीस पैसे व्याजात जाऊन उरलेले पाच रुपये सत्तर पैसे मालकांच्या तीस रुपयांवर पडतात; म्हणजे एकोणीस टक्के. कराचा हिशेब येथे बाजूस ठेवला आहे. धंदा तोच, मेहनत तीच, पण केवळ कर्जाच्या बळावर बाराचे एकोणीस झाले आणि लाभांशालाही बहर आला. आता वाईट वर्ष येऊ द्या. बाराऐवजी सहाच रुपये मिळाले, तर कर्ज नसलेल्या धंद्याच्या मालकांना सहा टक्के तरी मिळतील. कर्जाऊ धंद्यात व्याज भागविण्यासच तीस पैसे कमी पडतील. कर्ज हे नफा वाढविते आणि त्याच हाताने तोटाही वाढविते. म्हणून नफा व्याजाच्या किती पट आहे, हे पाहणे अगत्याचे ठरते. वरच्या उदाहरणात ऐन भरभराटीच्या वर्षातही तो व्याजाच्या दुप्पट भरत नाही.

सत्तर-तीस हे प्रमाण आम्ही कल्पनेतून काढलेले नाही. विजेच्या नव्या प्रकल्पांचे दर ठरविताना आपले नियामक आयोग सर्वसाधारणपणे हेच प्रमाण गृहीत धरतात. आयोग दर बांधून देतो तेथे ते सुसह्यही होते. पण दर बोलीत ठरून गेला आणि खर्च मात्र मोकळा राहिला, म्हणजे काय होते, याचे उदाहरण याच कंपनीच्या इतिहासात आहे. मुंद्रा येथे तिच्या उपकंपनीने ४,००० मेगावॉटचा प्रकल्प हाती घेतला. विजेचा दर स्पर्धेच्या बोलीत ठरला होता आणि कोळसा इंडोनेशियातून यावयाचा होता. त्या देशाने कोळशाचा निर्यातभाव जागतिक भावाशी बांधून टाकला आणि २०११ पासून ते गणित कोलमडले. २०११-१२ च्या हिशेबात मूळ कंपनीचा स्वतंत्र नफा सुमारे १,१७० कोटी रुपये दिसतो. उपकंपन्यांसह एकत्रित हिशेबात त्याच वर्षी सुमारे १,०८८ कोटींचा तोटा आहे. लाभांश मात्र आदल्या वर्षीप्रमाणेच १२५ टक्के!

यात कंपनीने काही लपविले, असे आमचे बिलकूल म्हणणे नाही. दोन्ही हिशेब तिने प्रसिद्ध केले होते, आणि लाभांश मूळ कंपनीच्या नफ्यातून द्यावयाचा असल्यामुळे कायद्याचा भंगही झाला नव्हता. चढउताराच्या काळात लाभांश स्थिर ठेवण्याचे धोरण समर्थनीयही असू शकते. आमचा मुद्दा एवढाच की, ज्या भागधारकाने फक्त लाभांशाचा आकडा पाहिला, त्याला त्या वर्षी काही घडले आहे याची वार्ताही लागली नसेल.

दुसरे गुणोत्तर रोकडीचे. नफा कागदावर होतो, लाभांश मात्र रोखीने द्यावा लागतो. माल उधारीवर विकला की नफ्याची नोंद होते. पैसा कधी येईल तो येवो. म्हणून वर्षाच्या आत वसूल होणारी येणी, माल व रोकड आणि वर्षाच्या आत फेडावयाची देणी यांचे प्रमाण पाहावे लागते. दोनास एक असावे, हा जुना ठोकताळा सर्वच धंद्यांना लागू पडत नाही. पण ते वर्षानुवर्षे घसरत चालले असेल तर कान टवकारावेत. दीर्घकाळ चालणाऱ्या कामांत अल्पमुदतीचा पैसा गुंतविण्याचे फळ काय, हे मुंबईच्या आयएल अँड एफएस या संस्थेने २०१८ साली देशाला दाखविले. हप्ते थकण्यापूर्वी थोडे दिवसांपर्यंत तिच्या कर्जरोख्यांना पतमापन संस्थांची सर्वोच्च श्रेणी होती. प्रशस्तिपत्र हे पातळी मोजण्याची जागा घेऊ शकत नाही, हा त्याचा धडा.

तिसरे गुणोत्तर नफ्यापैकी किती वाटला याचे. शंभर रुपये नफ्यातून तीस वाटणारी कंपनी आणि नव्वद वाटणारी कंपनी यांचा लाभांश एकच दिसू शकेल, परंतु पुढील दुष्काळात दोघींची अवस्था एक असणार नाही. याचा अर्थ हात आखडणारी प्रत्येक कंपनी सद्गुणी असते, असे मात्र कोणी समजू नये. मागे ठेवलेला पैसा चालकांनी अविचारी उद्योगांत उधळला, अशीही उदाहरणे थोडी नाहीत. त्यापेक्षा तो भागधारकांना दिलेला बरा. मागे ठेवलेल्या रुपयाने पुढे किती मिळविले, हाही हिशेब मागितलाच पाहिजे.

पूर्वी ही काळजी काही अंशी कायदाच वाहत असे. १९४८ च्या वीजपुरवठा कायद्याने खासगी वीज कंपन्यांसाठी 'दर व लाभांश नियंत्रण' या नावाचा एक निधीच निर्माण केला होता. वाजवी नफ्याहून अधिक मिळाले की त्या अधिकातील काही भाग या निधीत, काही ग्राहकांच्या पदरात. आणि नफा घटलेल्या वर्षी या निधीतून भर. धरणाचेच तत्त्व ते! इतर कंपन्यांनाही, दहा टक्क्यांहून अधिक लाभांश द्यावयाचा झाल्यास, १९७५ च्या नियमांनुसार नफ्याचा अडीच ते दहा टक्के हिस्सा आधी राखीव निधीत टाकावा लागे. २००३ च्या कायद्याने जुना वीजकायदा गेला आणि २०१३ च्या कंपनी कायद्याने ती सक्तीही गेली. नफा अपुरा असताना गंगाजळीतून लाभांश काढण्यावर आजही मर्यादा आहेत. ती भरपूर ठेवावी की नाही, हे मात्र चालकांच्या मर्जीवर आहे. कायद्याने काढलेला पहारा आता भागधारकाने करावयाचा आहे.

त्यासाठी हत्यारही त्याच्या हाती देण्यात आले आहे. २०२१ पासून प्रत्येक कंपनीने आपल्या हिशेबांत अकरा गुणोत्तरे छापावीत आणि एखादे मागील वर्षापेक्षा पंचवीस टक्क्यांहून अधिक बदलले असेल तर त्याचे कारणही द्यावे, असा नियम झाला. उत्तम नियम! पण ती गुणोत्तरे असतात अहवालाच्या शेवटच्या टिपांत, आणि लाभांश असतो मथळ्यात. आमची सूचना अशी की, लाभांशाच्या घोषणेतच चार आकडे सक्तीचे करावेत: शेअरमागे रुपये किती, नफ्याचा कितवा हिस्सा वाटला, उपकंपन्यांसह एकत्रित नफा वा तोटा किती, आणि कर्ज स्वभांडवलाच्या किती पट. वर्तमानपत्रांनीही दर्शनी किमतीवरील टक्क्यांचा मथळा सोडून रुपयांचा आकडा द्यावा. याची सुरुवात इतरांनी करावी असे म्हणणे आम्हाला शोभणार नाही. आमच्या अर्थपृष्ठावर ती या आठवड्यापासून होईल.

हा प्रश्न केवळ धनिकांचा असता तर आम्ही पहिल्या पानावरील जागा त्यासाठी खर्चिली नसती. बँकेचे व्याज महागाईस पुरत नाही, म्हणून आयुष्याची पुंजी घेऊन बाजाराकडे वळणारा माणूस आज आपल्या प्रत्येक घरात आहे. त्याला बाजारापासून परावृत्त करावे, असे आम्ही म्हणणार नाही. त्याने डोळे उघडे ठेवून जावे, एवढेच आमचे सांगणे आहे. लागणारे गणित सातवीच्या पुढचे नाही.

औंढ्याच्या आमच्या स्नेह्यांना हे सारे आम्ही सांगितले. आमचे बोलणे त्यांना पटले की नाही, ते त्यांनी सांगितले नाही. मास्तरांची ती रीतच असते. त्यांनी आमच्या हातातले कात्रण परत घेतले, आणि कंपनीचा वार्षिक अहवाल कोठे मिळेल, एवढेच विचारले. तो वाचून होईपर्यंत ठेव मोडण्याचा अर्ज टेबलाच्या खणातच राहणार आहे.