‘तेल बंद’ या हुकमाविषयी

राजपुरी खाडीच्या मुखाशी, जंजिऱ्याच्या समोरच्या किनाऱ्यावर वसलेल्या दिघीसारख्या गावातून वजन उतरविण्यासाठी सल्ला मागावयास येणाऱ्या माणसाच्या हाती आपण व्यावसायिक मंडळी जी चिठ्ठी देतो, तिच्यातील पहिले कलम बहुधा ‘तेल बंद, खोबरे बंद’ असेच असते. आणि एक ग्रॅम स्निग्धातून ९, तर तितक्याच पिष्टातून किंवा प्रथिनातून ४ उष्मांक मिळतात, या सरळ हिशेबाचे पाठबळ त्या कलमास असल्यामुळे त्याची फेरतपासणी करण्याची गरज आपणांस सहसा वाटत नाही. ती गरज आहे, असे आमचे आग्रहाचे म्हणणे आहे.

हा हुकूम कोकणातल्या ताटावर बजावला म्हणजे कालवणातले वाटण जाते, तळावयाचा नाही म्हणून बांगडाही जातो, आणि रिकाम्या झालेल्या जागी भात वाढतो. शिवाय दुपारच्या चहाबरोबर खारी आणि बिस्किटे येतात, ज्यांतील वनस्पती तूप डोळ्यांस दिसत नसल्यामुळे कोणाच्याच जमाखर्चात धरले जात नाही. अशा रीतीने स्निग्धाबरोबर प्रथिनही ताटातून हद्दपार होते, आणि आपल्या लोकांच्या बाबतीत हे नुकसान विशेष गंभीर आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःची आणि आपले ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांची तुलना मांडली, तीत उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३ असताना युडकिन यांच्या शरीरात मेद ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के आढळला. ज्या समाजात सडपातळ दिसणाऱ्या देहातही मेद अधिक आणि स्नायू तुटपुंजे असतात, तेथे काट्यावरचे किलो उतरले एवढ्यावर समाधान मानणाऱ्या चिकित्सकाने मेदाऐवजी स्नायूच तर खर्ची घातले नाहीत ना, याची शहानिशा कंबरेचा घेर मोजून तरी केलीच पाहिजे.

देहातील मेद उतरतो तो एकूण उष्मांकांच्या तुटीमुळे. ती तूट स्निग्ध कमी करून आणावी की पिष्ट, या वादात स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाचा दाखला अवश्य पाहावा: ६०९ प्रौढांपैकी अल्पस्निग्ध आहार घेणाऱ्यांचे वजन वर्षभरात सरासरी ५.३ किलो, तर अल्पपिष्ट आहार घेणाऱ्यांचे ६ किलो उतरले, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने नगण्य ठरला. साखर व मैदा टाळून भाज्या वाढविण्याचा सल्ला दोन्ही गटांना समान होता. म्हणून तूप-लोण्यास मुक्तद्वार देणारा सध्याचा पंथही आम्हांस मान्य नाही. ओल्या खोबऱ्याच्या वजनाचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग स्निग्धाचा असतो, तोही बव्हंशी संपृक्त, आणि मूठभर खोबरे वाटणात नकळत जिरून जाते.

परंतु स्निग्ध जवळजवळ शून्यावर आणून वजन झपाट्याने उतरविण्यात जो धोका आहे, तो आपल्या व्यवसायात पुरेसा बोलला जात नाही. जेवणात स्निग्ध नसले की पित्ताशय नीट आकुंचन पावत नाही, पित्त साचून राहते आणि खडे धरण्यास अनुकूल स्थिती निर्माण होते. अ, ड, ई आणि के या जीवनसत्त्वांच्या शोषणासही स्निग्धाची गरज असते, आणि काही मेदाम्ले तर शरीर स्वतः बनवूच शकत नाही.

सबब बांगडा आणि तारली चिठ्ठीतून काढू नयेत. त्यांच्या अंगचे तेल हितकर आहे, आणि तव्यावर थोड्या तेलात भाजून अथवा कालवणात शिजवून त्यांचा लाभ घेता येतो. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात जवळा आणि सुके बोंबील यांवर घर चालते, तेव्हा रक्तदाबाच्या रुग्णास ते धुऊन मीठ उतरवून वापरण्यास सांगावे, आणि कडधान्यांची तजवीज आधीच करून ठेवावी.

आणि दिवसाला चमचे किती, हा प्रश्न सोडून महिन्याला घरात तेल किती किलो येते व जेवणारी माणसे किती, हे विचारावे. माणशी रोजचे १५ ते २० ग्रॅम धरल्यास महिन्याचे साडेचारशे ते सहाशे ग्रॅम होतात. चौघांच्या घरात चार किलो तेल संपत असेल, तर कपात कोठे करावयाची हे त्या गृहिणीस आपल्याआधी कळते. खोबऱ्याचा हिशेब मात्र वेगळा मांडावा, कारण नारळ परसातलाच असला तर वाण्याच्या यादीत तो कधीच येत नाही.