गुरुवारची माळ

मुलांनो, संपली का सहामाही? गणिताचा पेपर कसा गेला ते मी विचारणार नाही, घाबरू नका.

आमच्या वसईत हे दिवस मला फार आवडतात. पाऊस गेलेला असतो. दुपारी ऊन चटका देतं, पण पहाटे केळीच्या पानांवर दव असतं. भातं पिवळी होऊन कापणीला येतात. काही चर्चमध्ये नव्या भाताच्या लोंब्या आशीर्वादासाठी नेतात. इकडे शाळेत आकाशकंदिलांचे कागद कापायची घाई. आणि रोज दिवेलागणीनंतर आळीतल्या घराघरांतून एका लयीत म्हटल्यासारखा आवाज येत राहतो. मी मूळची साताऱ्याकडची. इथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत नवीन लागले तेव्हा मला वाटलं, काय शिस्तीची मुलं आहेत इथली, रोज पाढे म्हणतात! दुसऱ्या दिवशी वर्गात तसं बोललेही. अख्खा वर्ग हसला. पहिल्या बाकावरची एक मुलगी उभी राहून म्हणाली, "बाई, पाढे नाहीत ते. रोझरी!"

तीच आजच्या गोष्टीतली मुलगी. तेव्हा चौथीत होती, आता तेवीस वर्षांची आहे. "माझं नाव छापायचं नाही हं, बाई," असं तिनं बजावलंय, म्हणून आपण तिला नुसतं ताई म्हणू.

ताई अंधेरीला रक्त तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करते. पहाटे पाचला उठायचं, आईनं केलेली तांदळाची भाकरी डब्यात घालायची, बस पकडून वसई रोड स्टेशन गाठायचं. लोकल विरारहूनच भरून येते. बसायला जागा मिळाली तर त्या दिवशी ती घरी सांगण्यासारखी बातमी असते! दिवसभर काचेच्या नळ्या, सुया, रडणारी बाळं. संध्याकाळी परत तीच गर्दी. वडील वाडी करतात. केळी, थोडी भाजी, मोगरा. धाकटा भाऊ आठवीत. रविवारी सगळे मिस्सेला जातात, ताई गायनवृंदात गाते. मिस्सा म्हणजे कॅथलिक लोकांची चर्चमधली मुख्य उपासना. दुपारी ताई डोक्याला तेल लावून मस्त झोपते.

आणि घरात आजी होती. पूर्वी फुलांची टोपली डोक्यावर घेऊन पहाटेच्या गाडीनं दादरच्या बाजारात जायची. शेवटपर्यंत लाल चौकडीचं लुगडं नेसायची. तिच्या प्रार्थनेच्या पुस्तकात वर्तमानपत्राचं एक कात्रण घडी करून ठेवलेलं होतं. २०२० साली उस्मानाबादला (म्हणजे आताच्या धाराशिवला) ९३ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं आणि वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्याचे अध्यक्ष झाले, त्या दिवसाचं. घरी येणाऱ्या प्रत्येकाला ती ते दाखवायची. मला तर तीनदा दाखवलं.

या आजीचं आणि ताईचं दर गुरुवारी भांडण व्हायचं. ते कशावरून, हे कळायला आधी रोझरी कळायला हवी.

रोझरी म्हणजे जपमाळ. तिच्यात ५९ मणी असतात. मोठ्या मण्याला 'आमच्या बापा' ही प्रार्थना, लहान मण्याला 'नमो मारिया'. दहा-दहा मण्यांचे पाच भाग. प्रत्येक भाग म्हणताना येशूच्या नाहीतर मारियामातेच्या आयुष्यातला एक प्रसंग डोळ्यांपुढे आणायचा. त्या प्रसंगांना रहस्यं म्हणतात. शेरलॉक होम्सची नव्हेत बरं का! आनंदाची पाच, दुःखाची पाच, गौरवाची पाच, आणि कुठल्या वारी कुठली म्हणायची तेही ठरलेलं. गुरुवारी आनंदाची. शेकडो वर्षं या पंधरांवरच चालत आलं होतं. मग २००२ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी 'प्रकाशाची' पाच नवी रहस्यं सुचवली. येशूचा यार्देन नदीतला बाप्तिस्मा, काना गावच्या लग्नात पाण्याचा झालेला द्राक्षारस, असे प्रसंग. त्यांच्यासाठी वार दिला गुरुवार. तेव्हापासून पुष्कळ घरांत गुरुवारी प्रकाशाची म्हणतात.

ताई त्यानंतर जन्मलेली. धर्मशिक्षणाच्या वर्गात ती हेच शिकली. आजी मात्र ऐकेना. ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना, घरात शेजारपाजारचे जमलेले, आणि ताईनं "प्रकाशाची रहस्यं" म्हटलं की आजी खाकरून म्हणायची, "आनंदाची!" पोपसाहेबांनी सांगितलंय म्हटलं तरी तेच. बरं, नवं काही नकोच असली ती म्हातारी नव्हती. तिच्या लहानपणी मिस्सा लॅटिनमध्ये व्हायची. १९६२ ते १९६५ या काळात व्हॅटिकनची दुसरी परिषद झाली, त्यानंतर ती मराठीत आली. "तेव्हा मी कुरकुरले का?" आजी विचारायची. "देव माझ्या भाषेत बोलायला लागला, मी कशाला कुरकुरू? पण गुरुवारचं माझं राहू दे." का, ते सांगायची नाही. शेवटी तिचंच चालायचं.

गेल्या जुलैत आजी गेली. न्यूमोनिया झाला होता. इस्पितळात बारा दिवस होती. त्यातले नऊ दिवस ताईनं नोव्हेना केली, म्हणजे नऊ दिवस नेमानं एकच मागणं मागायचं. रात्रपाळीच्या नर्सला विचारून खाटेशी बसायची आणि हळू आवाजात म्हणायची. दहाव्या दिवशी आजीला जरा बरं वाटलं, चहा मागितला. बाराव्या दिवशी गेली.

त्यानंतर ताईनं माळ हातात धरली नाही. रविवारी चर्चला जायची, गायची, घरी यायची. एकदा स्टेशनवर भेटली तेव्हा म्हणाली, "बाई, नऊ दिवस मागितलं मी. ऐकायचंच नव्हतं तर चहा कशाला मागायला लावला?" मला उत्तर सुचलं नाही. डी.एड.ला असल्या प्रश्नांचा तास नव्हता. मी तिला चहा पाजला, म्हणजे तोही चहाच, हे कपात साखर ढवळताना माझ्या लक्षात आलं.

ऑक्टोबर उजाडला. पहिल्या संध्याकाळी आई म्हणाली, आता माळ तू सांग. ताई म्हणाली, मला दमायला झालंय. आणि स्वयंपाकघरात भांडी घासायला बसली. मग आठवीतल्या धाकट्यानं माळ घेतली. तो मण्यांवर बोटं सरकवायचं विसरला आणि अंदाजानं म्हणत सुटला. एका भागात अकरा 'नमो मारिया', पुढच्यात आठ. आतून ताईचा आवाज आला, "अरे, आठच झाले!" पुन्हा चूक. पुन्हा आतून आवाज. तिसऱ्या चुकीला ती ओले हात घेऊन बाहेर आली, त्याच्या हातातली माळ ओढून घेतली आणि खाली बसली.

त्या आठवड्यातल्या गुरुवारी मी त्यांच्याकडे गेले होते. भिंतीवरच्या फळीवर मारियामातेची मूर्ती, पुढे वाडीतलीच फुलं. ताईनं क्रुसाची खूण केली आणि म्हणाली, "आज गुरुवार. प्रकाशाची रहस्यं." आणि थांबली. सगळेच थांबले. कुणी खाकरलं नाही.

तेव्हा ताईचे वडील बोलले. हा माणूस एरवी केळीशी बोलेल, पण माणसांशी नाही.

"आनंदाचीच म्हणत होती ती, कारण मी हरवलो तो गुरुवार होता."

ते पाच वर्षांचे असताना आजी त्यांना दादरला घेऊन गेली होती. टोपली उतरवेपर्यंत पोराचा हात सुटला. ती सकाळपासून बाजारात, पुलावर, फलाटांवर शोधत फिरली. आनंदाच्या रहस्यांतलं पाचवं असं आहे: बारा वर्षांचा येशू सणाच्या गर्दीत यरुशलेमला हरवतो आणि तीन दिवसांनी मंदिरात सापडतो. माळ घरी राहिली होती, म्हणून आजी बोटांच्या पेरांवर मोजत तेवढंच एक रहस्य पुन्हा पुन्हा म्हणत होती. दुपारी पोरगा सापडला. एका हवालदाराजवळ बसून वडा खात होता.

"मला फक्त वडा आठवतो," वडील म्हणाले. "हे मला तिनंच सांगितलं, माझं लग्न झालं तेव्हा. कुणाला सांगू नको म्हणाली. पोर हरवलं ही काय सांगायची गोष्ट आहे!"

ताई बराच वेळ माळेकडे बघत होती. मग तिनं प्रकाशाची पाचही रहस्यं म्हटली आणि लगेच आनंदाची पाचही. एका माळेऐवजी दोन माळा झाल्या. शेवटच्या रहस्याला तिचा आवाज दाटला, तेव्हा तेवढा भाग आईनं पुढे नेला. आमेन झाल्याबरोबर धाकटा म्हणाला, "म्हणजे आता दर गुरुवारी डबल?"

२ नोव्हेंबर हा कॅथलिक लोकांचा मृतांच्या स्मरणाचा दिवस. आमच्याकडे भाद्रपदात पितृपंधरवडा असतो, माझी आई खीर करून कावळ्याची वाट बघत बसते, ते मला त्या दिवशी आठवत होतं. चर्चमागच्या दफनभूमीत लोक आधीच येऊन कबरींवरचं पावसात माजलेलं गवत उपटून गेले होते. संध्याकाळी फादरांनी प्रार्थना केली, आशीर्वादाचं पाणी शिंपडलं. मग जिकडेतिकडे झेंडू आणि मेणबत्त्या. समुद्राकडचा वारा सुटला होता, आजीची मेणबत्ती काही टिकेना. धाकट्यानं दप्तरातला पुठ्ठा आणून आडोसा केला. (सहामाहीच्या परीक्षेचा पुठ्ठा होता तो. आईनं पाहिलं, पण बोलली नाही.)

परत येताना मी ताईला हळूच विचारलं, "राग गेला का गं?"

"आहे अजून, बाई," ती म्हणाली. "रोज सांगते मारियामातेला. तिचाही मुलगा गेला होता ना, तिला कळत असेल."

"आणि गुरुवारचं काय ठरलं? डबलच?"

ताई हसली. जुलैनंतर मी तिला पहिल्यांदा अशी हसताना पाहिलं.

"नाही, बाई. प्रकाशाची मी सकाळी लोकलमध्ये म्हणते, बोटांवर मोजून. घरी संध्याकाळी आनंदाची. गाडीच्या गोंगाटात आजीला कुठलं ऐकू येतंय!"