पट्टा का अडकतो?

जुन्या मोटारीतला सीटबेल्ट ओढला की अडकतो, सोडला की लोंबकळतो. असा सैल पट्टा धक्क्याच्या वेळी आपल्याला नीट धरत नाही.

पोलादपूरजवळ आंबेनळी घाटात, चढावर उभ्या गाडीत पट्टा अडकला तर घाबरू नका. तो बिघाड नव्हे! बहुतेक पट्ट्यांच्या यंत्रात छोटी गोळी असते. गाडी कलली की गोळी सरकते आणि पट्ट्याला कुलूप लागते. सपाट जागी हळू ओढून पाहा.

महाडच्या वसाहतीत, सपाट रस्त्यावरही अडकतोय? मग बहुधा धूळ आणि घामाचा मळ! आई-बाबांना सांगा : पट्टा पूर्ण ओढून चिमट्याने धरा. पट्टा आणि खांद्याजवळची कडी कोमट पाणी व सौम्य साबणाने पुसा. सावलीत पूर्ण वाळल्यावरच आत सोडा. तेल मुळीच नको, त्यावर धूळ चिकटते. पट्टा विरला असेल तर नवाच बसवा. यंत्र मात्र घरी उघडू नका. आत ताणलेली स्प्रिंग असते.

१९५९ साली स्वीडनच्या नील्स बोलीन यांचा हा तीन टोकांचा पट्टा मोटारींत आला. तेव्हापासून त्याने असंख्य जीव वाचवले. मागच्या सीटवरही लावायचा, बरं का!