गाडी त्याची, नाव आईचं

बारावीचा निकाल लागला, की पेढ्यांच्या मागोमाग घरात आणखी एक विषय येतो. गाडीचा! आणि ही गाडी म्हणजे बाबांच्या जुन्या स्कूटरसारखी नव्हे. ‘दोनशे सीसी’, ‘पिकअप’, ‘टॉप स्पीड’ असे शब्द जेवताना कानावर पडू लागतात. पुढे वाकून बसायची, सगळीकडून प्लॅस्टिकने मढवलेली स्पोर्ट्स बाईकच हवी असते. ‘‘आई, सगळ्यांकडे आहे गं,’’ हे वाक्य तर घरोघरी सारखंच. मग हप्ता किती, डाऊन पेमेंट किती, अॅव्हरेज किती, यावर चर्चा झडतात. विम्याचं मात्र कुणी नाव काढत नाही. शोरूममध्ये ‘ऑन रोड’ किमतीच्या कागदावर विम्याचा एक आकडा लिहिलेला असतो. आपण खालची बेरीज बघतो आणि सही करतो.

माझं स्पष्ट मत आहे, की वेगाची गाडी घ्यायची असेल तर आधी विमा ठरवावा, रंग नंतर. आणि हे काम घरातल्या बाईने आपल्या हातात घ्यावं. का म्हणाल, तर मुलाला उत्पन्न नसतं, बाबांच्या नावावर आधीच कर्ज असतं, म्हणून पुष्कळ घरांत गाडी आईच्या नावावर होते. आपल्यालाही बरं वाटतं, एक तरी वस्तू आपल्या नावावर झाली! पण आरसीवर नाव आपलं, म्हणजे जबाबदारीही आपलीच.

विम्याचे दोन भाग असतात. पहिला थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्या कुणाला इजा झाली तर त्याच्या भरपाईचा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने तो सक्तीचा आहे. त्याचे दर सरकार ठरवतं, त्यामुळे ‘आमच्याकडे थर्ड पार्टी स्वस्त’ असं कुणी सांगितलं तर सावध व्हा. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांप्रमाणे ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीला वर्षाला ७१४ रुपये, १५० ते ३५० सीसीला १३६६ रुपये आणि त्यावरच्या गाडीला २८०४ रुपये पडतात. वर जीएसटी वेगळा. म्हणजे सव्वाशे सीसीऐवजी दोनशे सीसी घेतली, की हा खर्च जवळजवळ दुप्पट. इथे घासाघीस नाही.

घासाघीस होते ती दुसऱ्या भागात. आपल्या स्वतःच्या गाडीचं नुकसान किंवा चोरी यासाठीचा हा विमा. भाजी घेताना आपण चार ठिकाणी भाव विचारतो ना? तसंच इथेही शोरूमचाच विमा घ्यायची सक्ती नसते. तीन-चार कंपन्यांचे दर विचारा. वर्षभरात एकही क्लेम केला नाही, तर पुढच्या वर्षी या भागावर २० टक्के सूट मिळते आणि ती पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत जाते. तेव्हा आरसा फुटला, ओरखडा उठला, अशा बारीकसारीक गोष्टींसाठी क्लेम करू नये. मात्र विमा संपून ९० दिवस उलटले तर ही साठवलेली सूट जाते, हेही लक्षात ठेवा.

हप्ता कमी दिसावा म्हणून काही एजंट गाडीची विमा-किंमत, म्हणजे आयडीव्ही, खाली आणतात. उद्या गाडी चोरीला गेली तर तेवढीच रक्कम हातात पडणार. ही बचत नव्हे. आणखी एक गोष्ट. क्लेममध्ये प्लॅस्टिक आणि रबराच्या भागांची किंमत निम्मीच धरतात. स्पोर्ट्स बाईक नुसती आडवी झाली, तरी पहिलं फुटतं ते महागडं प्लॅस्टिकच! म्हणून अशा गाडीला निदान पहिली काही वर्षं थोडे जास्त पैसे भरून ‘झिरो डेप्रिसिएशन’ घेतलेलं परवडतं. साध्या जुन्या गाडीला त्याची गरज नाही.

‘‘आमचा तर पाच वर्षांचा विमा आहे,’’ असं बऱ्याच जणी सांगतात. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा झाला, हे खरं. पण सोबतचा स्वतःच्या नुकसानीचा विमा बहुधा एकाच वर्षाचा असतो. दुसऱ्या वर्षी गाडी चोरीला गेली, की मग कपाटातले कागद निघतात. वरातीमागून घोडे!

आता सगळ्यात महत्त्वाचं. मालकाच्या अपघाताचा १५ लाखांचा विमा पॉलिसीत असतो. तो फक्त मालकाचा आणि मालकाकडे लायसन्स असेल तरच. गाडी आईच्या नावावर आणि चालवणार लेक, तर त्या १५ लाखांतलं लेकाला काही मिळत नाही. मुलगा अठरा वर्षांचा असेल, लायसन्स असेल, तर गाडी त्याच्याच नावावर करावी. शिवाय बँक खात्यातून वर्षाला २० रुपयांत मिळणारा प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा दोन लाखांचा अपघात विमा प्रत्येक घरात असायलाच हवा.

माझ्या कामातून ओळखीच्या झालेल्या एक बाई पोळी-भाजी केंद्र चालवतात. गाडी त्यांच्या नावावर. विमा संपला, ‘पुढच्या महिन्यात भरू’ म्हणता म्हणता दोन महिने गेले. नेमकी तेव्हाच मुलाने एका सायकलवाल्याला धडक दिली. तो माणूस कायमचा अधू झाला. भरपाईचा दावा मुलाबरोबर गाडीची मालकीण म्हणून बाईंवरही लागला. ज्यांनी कधी गाडीची किल्लीसुद्धा फिरवली नाही, त्या आज कोर्टाच्या तारखा करताहेत. आणि त्या सायकलवाल्याच्या बायकोचं काय? भरपाईचा निकाल लागला तरी पैसे येणार कुठून? तेराशे रुपये राहिले आणि दोन घरं बसली. विना विमा गाडी चालवल्याचा दंड पहिल्यांदा दोन हजार, पुन्हा सापडल्यास चार हजार. पण खरी शिक्षा ही अशी असते.

मुलगा अठराच्या आतला असेल तर विषयच संपला. सोळाव्या वर्षी मिळणारं लायसन्स ५० सीसीपर्यंतच्या बिनगियरच्या गाडीपुरतंच असतं. १९ मे २०२४ ला पुण्यात कल्याणीनगरला अल्पवयीन मुलाच्या हातातल्या पोर्शे गाडीने दोन तरुण इंजिनिअरांचा जीव घेतला. तेव्हा आपण सगळ्यांनीच श्रीमंतांच्या नावाने बोटं मोडली. पण २०१९ पासून कायदा सगळ्यांना एकच आहे. मूल गाडी चालवताना गुन्हा घडला, तर पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द आणि मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. शिवाय लायसन्स नसताना अपघात झाला तर विमा कंपनी जखमींना दिलेली भरपाई मालकाकडून वसूल करू शकते.

वेगाची हौस हा काही गुन्हा नाही. तरुण वयात ती असणारच. पण हौस पुरवायची, तर तिचा पूर्ण खर्च मांडावा. गाडीचा हप्ता, पेट्रोल, हेल्मेट आणि दरवर्षीचा विमा, सगळं धरून परवडत असेल तर जरूर घ्यावी. विम्याला कात्री लावूनच गाडी परवडणार असेल, तर ती गाडी आपल्याला परवडत नाही, एवढं मुलाला स्वच्छ सांगावं. मैत्रिणींनो, आज दुपारी कामं आटोपली, की कपाटातली पॉलिसी बाहेर काढा. दोन्ही भागांच्या संपण्याच्या तारखा बघा आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर ठळक लिहून ठेवा, गॅस सिलिंडरची तारीख लिहितो ना, अगदी तशाच.