रूपांतर कोणी करावे?

(द्वितीय वर्ष, कला)

कलाशाखेच्या वार्षिकांकात संगणकाचा विषय काढला की संपादक मंडळाच्या कपाळाला आठ्या पडतात, हे मला ठाऊक आहे. “हे विज्ञानवाल्यांच्या भित्तिपत्रकाला दे,” असा सल्ला एका मित्राने दिलाही. परंतु ज्या सॉफ्टवेअरविषयी मी लिहिणार आहे, ते माझ्या मते यंत्रविद्येपेक्षा संपादनविद्येच्या अधिक जवळचे आहे. आणि संपादन हा तर आपलाच प्रांत!

‘गो’ हा चीनमध्ये जन्मलेला पटावरचा खेळ. तिथे त्याला वेइची म्हणतात, कोरियात बादुक. उभ्या १९ व आडव्या १९ रेषा, त्यांचे ३६१ छेदनबिंदू. एकाच्या सोंगट्या काळ्या, दुसऱ्याच्या पांढऱ्या. आळीपाळीने एकेक सोंगटी बिंदूवर ठेवायची आणि जास्तीत जास्त जागा आपल्या वेढ्यात आणायची. ठेवलेली सोंगटी पुन्हा हलत नाही. मात्र शत्रूने तिला किंवा तिच्या जथ्याला असे कोंडले की शेजारचा एकही बिंदू मोकळा राहिला नाही, तर ती पटावरून उचलली जाते. वसतिगृहातील एका मित्रामुळे मला हा नाद लागला.

सोंगट्या हलत नाहीत, याचा एक सुंदर परिणाम आहे. बुद्धिबळाचा अख्खा डाव एका चित्रात दाखवता येत नाही, कारण प्यादे सरकते, घोडा उड्या मारतो. गोचा डाव मात्र चित्रात मावतो. प्रत्येक सोंगटीवर ती कितवी ठेवली तो आकडा लिहायचा, बस्स. काळा आधी खेळला तर विषम आकडे काळ्याचे, सम पांढऱ्याचे. जपानी लोक अशा नोंदीला ‘किफु’ म्हणतात. १८४६ साली शुसाकू नावाच्या तरुणाने गेन्नान इन्सेकी या ज्येष्ठ खेळाडूविरुद्ध १२७ वी सोंगटी अशी ठेवली, की गेन्नानचे कान लाल झाले, अशी आख्यायिका आहे. कान कोणी जपून ठेवले नाहीत, पण १२७ वी सोंगटी आजही कागदावर आपल्या जागी बसलेली आहे. २०१६ साली सोलमध्ये अल्फागो या संगणकाने ली सेडॉलविरुद्धच्या दुसऱ्या डावात ३७ वी सोंगटी पाचव्या रेषेवर ठेवून जाणकारांना चकित केले. तीही तशीच छापली जाते.

आता संगणकात हा डाव कसा राहतो ते पाहा. १९८० च्या दशकाच्या अखेरीस अँडर्स किएरुल्फ यांनी झुरिचमध्ये संशोधन करीत असताना एक नोंदपद्धती तयार केली. तिला एसजीएफ म्हणतात. ती म्हणजे साधा मजकूर. ‘बी’ हे अक्षर आणि कंसात ‘पीडी’ असे लिहिले की समजायचे : काळी सोंगटी, डावीकडून सोळावी रेघ, वरून चौथी. छापील पटावर मात्र आकडे खालून मोजतात आणि अक्षरांतून ‘आय’ गाळतात. म्हणजे हीच जागा तिथे ‘क्यू १६’ होते. इथपर्यंतचे काम कोणताही कारकून करील.

खरी गंमत पुढे आहे. या फाईलीत मरणाची नोंद नसते! कोणी कुठे सोंगटी ठेवली एवढेच लिहिलेले असते. त्यामुळे कोणाच्या किती सोंगट्या उचलल्या गेल्या, त्याचा उल्लेख नाही. म्हणून फाईलीवरून आकृती काढणाऱ्या प्रोग्रॅमला स्वतः डाव खेळावा लागतो. प्रत्येक सोंगटीनंतर कोण कोंडले गेले ते त्याला तपासावे लागते. शिवाय ‘को’ नावाचा प्रसंग येतो. त्यात दोघे एकमेकांची एकेक सोंगटी उचलत राहतात आणि त्याच बिंदूवर पुनःपुन्हा खेळले जाते. एका बिंदूवर दोन आकडे कसे छापणार? मग आकृतीखाली टीप द्यायची : ‘५४ — ४८ च्या जागी.’ तळटिपेचा याहून प्रामाणिक उपयोग मी आमच्या संदर्भग्रंथांतही क्वचितच पाहिला आहे.

आणखी प्रश्न आहेत. दोनशे सोंगट्या एकाच आकृतीत कोंबल्या तर वाचकाचे डोळे दुखतात. म्हणून डाव तोडायचा. पण कुठे? पन्नासाव्या सोंगटीपाशी, शंभराव्या, की लढाईचा एक अंक संपेल तिथे? पुढच्या आकृतीत जुन्या सोंगट्या आकड्यांविना दाखवायच्या आणि मेलेल्या काढून टाकायच्या. ‘इथे असे खेळला असता तर’ या फांद्यांना वेगळ्या आकृत्या द्यायच्या. त्यांवरचे भाष्य त्यांच्याच शेजारी यावे, पान उलटून नव्हे. याला संपादन म्हणायचे नाही तर कशाला?

असे प्रोग्रॅम कोणी लिहिले? ‘एसजीएफटूडीजी’ हा त्यांतला एक. त्याच्यासाठी गोचे टंक डॅनियल बंप यांनी घडवले. हे गृहस्थ स्टॅनफर्डचे गणिताचे प्राध्यापक, आणि ‘ग्नू गो’ या गो खेळणाऱ्या मुक्त प्रोग्रॅमच्या कर्त्यांपैकी एक. या टंकांत पटाचा कोपरा हे एक अक्षर, कड हे दुसरे, काळ्यावर पांढऱ्या आकड्यात ३७ हे आणखी एक. म्हणजे छपाईच्या दृष्टीने पट हा १९ अक्षरांच्या १९ ओळींचा मजकूरच! ही जुळणी करणारी ‘टेक’ नावाची व्यवस्था डोनाल्ड नूथ यांची. १९७७ साली स्वतःच्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते पाहून ते इतके नाराज झाले, की अक्षरजुळणीची पद्धतच त्यांनी नव्याने रचायला घेतली.

या नावांकडे पाहिले की एक गोष्ट डोळ्यांत भरते. यांपैकी कोणीही परक्याचे काम कंत्राटाने घेतले नव्हते. ज्याला डाव कळत होता त्याने डावाचे रूपांतर केले, ज्याला आपले पान विद्रूप दिसले त्याने पान सुधारले. माझे वडील बाजार समितीत मापाडी आहेत. चौथीपर्यंत शिकलेले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच, म्हणून ते मला फारसे उपदेश करीत नाहीत. पण काट्यापाशी जो उभा असेल त्यानेच काटापट्टी लिहावी, लांब बसलेल्याने लिहिली की शेतकरी बुडतो, हे मी त्यांच्या तोंडून शेकडो वेळा ऐकले आहे.

आता आपल्या अंकाकडे वळतो. आपण लेख युनिकोडमध्ये टाइप करून देतो. छापखान्यात तो जुन्या फाँटमध्ये बदलला जातो, आणि बदलणाऱ्या यंत्राला मराठी येत नाही. गेल्या वर्षी स्नेहसंमेलनाच्या वृत्तान्तात ‘आचाऱ्यांचे आभार’ होते, छापून आले ‘आचार्यांचे आभार’. जेवण रांधले कोणी आणि आभार पोचले कुणाला! आपण हसलो आणि विसरलो. पण छापखान्यातल्या मुलाला दोष देणे मला पटत नाही. त्याच्यापुढे आठ कॉलेजांचे अंक असतात. गोच्या प्रोग्रॅमला कोण मेले ते कळते, आणि आपल्या फाँट बदलणाऱ्याला ‘ऱ्या’ आणि ‘र्या’ यांतला भेद कळत नाही. कारण तो भेद ज्यांच्या जिभेवर आहे, ते आपण, या कामाला ‘टेक्निकल’ म्हणून हात लावत नाही.

कुणी म्हणेल, आता फोनवर डाव आपोआप पुढे सरकतो, कागद हवाच कशाला? मला हवा आहे. पडद्यावर पुढची खेळी एका बोटावर असते, त्यामुळे विचार करण्यापूर्वीच ती दिसते. कागदावर ५१ नंतर ५२ शोधावा लागतो, आणि उचललेल्या सोंगट्या छापलेल्या दिसत असूनही मनातून पुसाव्या लागतात. हा व्यायाम मी दर शनिवारी एस.टी.त करतो, दोन रुपयांच्या झेरॉक्सवर. बॅटरी लागत नाही.

माझी मागणी छोटी आहे. यंदा आपल्यापैकी दोघांनी मुद्रिते घरी मागवण्याऐवजी छापखान्यात जाऊन, फाँट बदलला जात असताना शेजारी बसावे, आणि कोणकोणती जोडाक्षरे मोडतात त्यांची यादी करावी. संगणकशास्त्र विभागातले एक सर त्या यादीवरून छोटा प्रोग्रॅम लिहायला शिकवण्यास तयार आहेत. छापखान्याच्या मालकांनाही मी विचारले आहे. दुपारी चारनंतर या म्हणतात, त्याआधी लग्नपत्रिकांची गर्दी असते.